मुंबईच्या नावाचा रक्तगट



रक्तदान शिबिरात बोटातून थेंबभर रक्त घेतात आणि कार्डावर ‘ओ पॉझिटिव्ह’ लिहून देतात. ते कार्ड पाकिटात ठेवून आपण निर्धास्त होतो. थोड्या माणसांच्या बाबतीत हा निर्धास्तपणा जिवावर बेतू शकतो. जगात इतरत्र ही माणसं फार विरळ आहेत. आपल्याकडे त्या मानाने जास्त सापडतात, म्हणून हा विषय मी इथे नेरे गावात मांडतो आहे.

ए, बी, ओ ही विभागणी कार्ल लँडस्टायनर यांनी 1901 साली व्हिएन्नात मांडली. ओ गटाच्या तांबड्या पेशी कोणालाही चालतात, असं आपण शाळेत शिकलो. मग 1952 मध्ये मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासह ‘लॅन्सेट’मध्ये तीन व्यक्तींची हकिकत छापली. त्यांच्या पेशी तपासल्या तर ना ए, ना बी. म्हणजे ओ. पण त्यांचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींत मिसळला, की त्या पेशींचे पुंजके होत होते. ओ गटाचं रक्तसुद्धा त्यांना चालणार नव्हतं. हाच पुढे ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणून जगभर ओळखला गेला.

असं का होतं? तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर ‘एच’ नावाची एक रचना असते. तिला खुंटी समजा. ए आणि बी जनुकांची विकरं आपापली साखर या खुंटीवर अडकवतात. ओ माणसाची खुंटी रिकामी असते, पण असते. ती घडवणारं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे आणि एबीओचं जनुक नवव्यावर. एकोणिसाव्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर खुंटीच उभी राहत नाही. मग नवव्यावर ए असो की बी, ते पेशीवर दिसत नाही. शरीराला एच परका वाटतो आणि ते त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं.

यातून कार्डावरच्या अक्षरापलीकडचा एक घरगुती प्रश्न उभा राहतो. आई ‘ओ’, वडील ‘ओ’ आणि मूल बी, असं निघालं तर संशय कोणावर जातो हे मी सांगायला नको. आई बॉम्बे गटाची असेल तर न दिसणारं बी जनुक तिनेच मुलाला दिलेलं असू शकतं. अर्धवट तपासणीच्या जोरावर एखाद्या बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणं मला अक्षम्य वाटतं.

मुंबईत बॉम्बे गटाचं प्रमाण साधारण 7,600 माणसांत एक असल्याचं भाटिया आणि साठे यांनी 1974 मध्ये नोंदवलं. त्यावरून हिशेब केला तर बिघडलेली एक प्रत बाळगणारा माणूस अंदाजे 44 जणांत एक निघतो. म्हणजे या मांडवातही असे काही जण बसलेले असण्याची दाट शक्यता आहे. त्यांना कसलाही त्रास नसतो. पण मामेबहिणीशी किंवा आतेबहिणीशी लग्न झालं, तर त्याच हिशेबाने बॉम्बे गटाचं मूल होण्याची शक्यता सहा पटींहून थोडी जास्त होते. बॉम्बे गट हा आजार नाही. माणूस ठणठणीत असतो. कुष्ठरोगाला लोक पिढीजात शाप मानत, आणि तो जंतूमुळे होतो हे कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या शांतिवनाच्या शेजारी राहणाऱ्या तुम्हांला ठाऊक आहे. इथे उलट आहे: गोष्ट खरोखर पिढीजात आहे, पण तीत कलंक काही नाही. लग्नाच्या बोलणीत ती लपवू नका.

धोका येतो तो रक्त घेताना. बॉम्बे गटाच्या दात्याच्या तांबड्या पेशी ओ रुग्णाला दिल्या तर बिघडत नाही, म्हणून चुकीची नोंद वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. तोच दाता अपघातात सापडला आणि त्याला ओ रक्त चढवलं, तर पेशी फुटतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, जीव जाऊ शकतो. यावर उपाय साधा आहे. पेशींबरोबर रक्तद्रवही तपासायचा, आणि तो ओ पेशींशीसुद्धा ताडून पाहायचा. रक्त चढवण्याआधीच्या क्रॉसमॅचमध्ये, म्हणजे दात्याच्या पेशी रुग्णाच्या रक्तद्रवाशी ताडून पाहण्याच्या चाचणीत, हा विरोध दिसतो. घाईत तो टप्पा गाळू देऊ नका. बाळंतपणाच्या रक्तस्रावात तर मुळीच नाही.

असा माणूस सापडला तर आधी त्याची सख्खी भावंडं तपासा. आईवडील दोघेही एकेक प्रत बाळगणारे असतील, तर प्रत्येक भावंडात तोच गट असण्याची शक्यता चारात एक असते. नोंद झालेल्या दात्याने दर शिबिरात रक्त देण्यापेक्षा हाक येईल तेव्हा द्यावं. नेहमीच्या पिशवीतलं रक्त 35 ते 42 दिवसच टिकतं, आणि पुरुषाला पुन्हा देण्यासाठी तीन महिने, बाईला चार महिने थांबावं लागतं. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे. 1957 साली ती रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. शंकास्पद नमुना तिथे पाठवायला आपल्या रक्तपेढीला सांगा, आणि पुढच्या शिबिरात कार्ड हातात पडलं की विचारा: रक्तद्रव तपासला का?