लॅपटॉपची सफाई आणि वॉरंटी

सफाईसाठी लॅपटॉपचे खालचे झाकण उघडले म्हणून वॉरंटी आपोआप संपतेच असे नाही. ते कंपनीच्या अटींवर ठरते. डेल, लेनोवो या कंपन्या झाकण उघडण्याची रीत सांगणाऱ्या पुस्तिका स्वतःच प्रसिद्ध करतात. मात्र उघडताना स्क्रूची खाच झिजली किंवा पंख्याची बारीक वायर तुटली, तर ते नुकसान वॉरंटीत बसत नाही.

पेडणे तालुक्यातील इब्रामपूरसारख्या गावात उन्हाळ्यात तांबडी धूळ पंख्यात शिरते आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत चिकटून बसते. बाहेरची जाळी लॅपटॉप बंद करून मऊ ब्रशने झाडावी. वॉरंटी चालू असताना आतली सफाई अधिकृत सेवा केंद्रात करून घ्यावी आणि पावती जपावी. वॉरंटी विनाकारण नाकारल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.