कोपऱ्यावरचे दुकान
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



जुन्या कोडोलीच्या आठवणी सांगा, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. देवळे, तालमी, मिशनचा दवाखाना यांविषयी सांगणारे पुष्कळ आहेत. मी आपली आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुकानाविषयी बोलणार आहे. पुरुष मंडळींना त्यात विशेष काही वाटणार नाही, तुम्हांला वाटेल.

१९६६ साली लग्न होऊन मी येथे आले, तेव्हा दुकानाला लाकडी फळ्यांचे दार होते. सकाळी अण्णा एकेक फळी काढून भिंतीला लावीत, त्या आवाजाने गल्ली जागी होई. आत गुळाची ढेप, रॉकेलचा डबा, रद्दीच्या कागदाच्या पुड्या. किलो १९६२ पासून सक्तीचा झाला होता, तरी आमच्या तोंडी शेर आणि मापटेच असे.

दुपारी पुरुष शेतावर गेले की आत्याबाई कणगीतले मापटेभर जोंधळे माझ्या ओट्यात घालीत आणि म्हणत, "जा, चहापूड आण." धान्य घरचेच, मग पदराखाली झाकून का न्यायचे, ते मला कळेना. आठवड्याभरात कळले. रोख पैसा येई तो ऊस गेल्यावर, आणि तो पुरुषांच्या हाती. बाईला काडेपेटी हवी झाली तरी हात पसरावा लागे. अण्णा जोंधळे पोत्यात ओतीत आणि "वैनी, काय देऊ?" एवढेच विचारीत. आमचे मापटे शिगोशीग, त्यांची चहापूड मात्र हात राखून! आम्हांला ते दिसत होते; पण घरी न सांगण्याची किंमत त्यातच धरलेली असे.

माझी थोरली मुलगी या जोंधळ्यांवर शिकली. चौथीनंतर तिला घरी बसवावे असे घाटत होते. वह्यांचा खर्च कोणाला दिसेना, म्हणून ते मागे पडले. वह्या, शाई, दौत, सारे मापट्यामापट्याने आले.

१९८२ साली ती नववीत होती. अण्णा थकले, मुलगा गल्ल्यावर बसला, काचेची कपाटे आली. वारणानगरला सहकारी वारणा बाजार आधीच सुरू झाला होता. तेथे बांधलेली पाकिटे, छापील किमती. वजनाची शंका नको. मीही हौसेने जात असे. पण ओट्यातले जोंधळे तेथे चालत नव्हते, आणि टिकायचे तर आपणही तसेच केले पाहिजे, हे अण्णांच्या मुलाने ओळखले. मला म्हणाला, "काकी, धान्य घ्यायचं बंद केलंय. रोख आणा."

त्या रात्री मी यजमानांकडे वह्यांचे पैसे मागितले. "मग इतकी वर्षं कुठनं आणलंस?" मी खरे ते सांगितले. त्यांनी पैसे दिले. दुसऱ्या दिवशी कणगी उघडते, तो जोंधळ्यांवर त्यांच्या पंजाचा ठसा! दळणाला काढले की संध्याकाळी पुन्हा नवा ठसा. वर्षभर हे चालले. त्यावर मी बोलले नाही आणि तेही बोलले नाहीत. मुलगी मॅट्रिक झाली. पुढे दोन म्हशींच्या दुधाचे कार्ड मी हट्टाने माझ्या नावे करून घेतले, त्यावर घरात आठ दिवस अबोला होता.

दुकान अजून आहे. २०२० च्या टाळेबंदीत त्याने निम्म्या गल्लीला उधारीवर जगवले, हेही सांगितले पाहिजे. आता अण्णांचा नातू तेथे बसतो आणि गल्ल्यापाशी ते कार्डाचे यंत्र ठेवलेले आहे. परवा माझ्या नातसुनेने त्यावर बँकेचे कार्ड धरून साठ रुपये दिले. मला मोठी मौज वाटली. घरी येतो, तो नातू विचारतो, "दुकानात साठ रुपये कशाला गं?" खाते तिचे, पैसे तिच्या शिवणाचे, पण बँकेत नंबर याचा, म्हणून संदेश याच्याकडे. पोरगा हसतच विचारीत होता. मला मात्र कणगीतला तो पंजा दिसला.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी बँकेत गेले आणि नंबर बदलून घेतला. तुमच्या खात्याला कोणाचा नंबर आहे, तो आज घरी गेल्यावर पाहा. अर्ज कसा लिहावयाचा ते नातसून दाखवील. ती मागे सतरंजीवर बसली आहे.