आधीं वार कोणाचा?

पत्त्यांच्या डावांत मोठें पान लहान पानाला मारतें, एवढेंच ज्याला ठाऊक आहे, त्याला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळाचें पहिल्या दिवशीं नवल वाटतें. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञानें रचलेला हा खेळ १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. सामान्य प्रकारांत प्रत्येक खेळाडू आपल्या संग्रहांतून निदान ६० पानांचा जोड बांधून आणतो. प्रत्येकाचें आयुष्य आरंभीं २० अंकांचें असतें. प्रतिपक्षाचें आयुष्य शून्यावर आणलें कीं डाव जिंकला.

कांहीं पानांवर योद्धे असतात. मग तो शिपाई असो, सर्प असो वा राक्षस. अशा पानाच्या कोपऱ्यांत दोन अंक छापलेले असतात: पहिला माराचा, दुसरा तगीचा. एकानें चाल केली आणि दुसऱ्यानें आपला योद्धा आडवा घातला, म्हणजे दोघेही एकाच क्षणीं एकमेकांस मार देतात. मार तीन व तग तीन असे दोघे भिडले तर दोघेही पडतात.

येथवर केवळ वजाबाकी आहे. परंतु कित्येक पानांवर आणखी एखादा शब्द असतो, आणि त्यानें सारा हिशेब पालटतो. ‘फर्स्ट स्ट्राइक’ म्हणजे पहिला वार. तो ज्याचा, त्याचा मार आधीं मोजला जातो. त्यानें जो पडला त्याला उलट मारण्याची संधि उरत नाहीं. ‘डेथटच’ म्हणजे मृत्युस्पर्श. तो असेल तर एका अंकाचा ओरखडाही प्राणघातक ठरतो. ‘ट्रॅम्पल’ म्हणजे तुडवण. आडव्या आलेल्यास मारून उरलेला मार तिच्यामुळें थेट प्रतिपक्षाच्या आयुष्यावर पडतो.

आतां हे गुण एकत्र आले म्हणजे काय होतें तें श्रोत्यांनीं पाहावें. मृत्युस्पर्शाचा सर्प आहे. त्याचा मार एक, तगही एकच. आठ तगीच्या राक्षसाला तो लोळवितो. पण पहिल्या वाराचा साधा शिपाई समोर आला कीं त्याचें विष वायां जातें; कारण डंख करण्यापूर्वींच तो मेलेला असतो.

दुसरें उदाहरण. सहा माराच्या योद्ध्याला पांच तगीच्या योद्ध्यानें अडविलें. नुसती तुडवण असेल तर पांच तेथेंच खर्ची पडून एक पलीकडे जातो. तिच्या जोडीला मृत्युस्पर्श असेल तर मारण्यास एकच पुरतो आणि पांच पलीकडे जातात. तुडवण १९९३ च्या पहिल्याच संचांत होती. मृत्युस्पर्शाला तें नांव २००७ सालीं मिळालें. चौदा वर्षांच्या अंतरानें आलेले दोन शब्द असे एकमेकांस बळ देतात.

‘डबल स्ट्राइक’ म्हणजे दुहेरी वार. पहिल्या वारानें अडविणारा मेला, तर वाट मोकळी झाली असें नवशिक्यास वाटतें. नियम म्हणतो, अडविला तो अडविलाच. दुसरा वार फुकट. तुडवण असली तरच तो सगळा पलीकडे पोंचतो.

म्हणून जाणता खेळाडू चाल करण्यापूर्वीं तीन प्रश्न क्रमानें विचारतो: आधीं वार कोणाचा, मारण्यास किती पुरे, आणि उरलेलें कोठें जाईल? सविस्तर नियम दोनशेंहून अधिक पृष्ठांचे आहेत, आणि वाद पडला तर चढलेला आवाज तेथें कामास येत नाहीं. छापलेला शब्द वाचावा लागतो. पैसे खर्चून मोठ्या अंकांचीं पानें जमविणारा मुलगा साधीं पानें नीट वाचणाऱ्या सवंगड्याकडून कित्येकदां हरतो, तो येथेंच.