आल्वा मिर्दाल : अभ्यासाच्या बळावरची मुत्सद्देगिरी



महासत्ता नसलेल्या देशाच्या शब्दाला जागतिक वाटाघाटींत वजन कशामुळे येते, या प्रश्नाचे भक्कम उत्तर स्वीडनच्या राजदूत आणि मंत्री आल्वा मिर्दाल (१९०२–१९८६) यांच्या कारकिर्दीत सापडते, आणि ते उत्तर म्हणजे विषयाचा खोल, चिवट अभ्यास. त्यांच्या लहानपणी एस्किल्स्तूना गावात विद्यापीठ-प्रवेशाची तयारी करून घेणारे शिक्षण केवळ मुलग्यांना मिळत असे. वडिलांनी शाळेच्या कारभाऱ्यांकडे पाठपुरावा करून मुलींसाठी वर्ग सुरू करवले, तेव्हा कुठे त्यांची वाट मोकळी झाली आणि १९२४ मध्ये त्या पदवीधर झाल्या.

पुढील तीन दशके त्यांनी समाजकारणाला दिली. अर्थशास्त्रज्ञ पती गुन्नार यांच्यासह १९३४ मध्ये त्यांनी लोकसंख्येच्या प्रश्नावर लिहिलेल्या पुस्तकाने स्वीडनच्या कुटुंबकल्याण धोरणाला दिशा दिली; मात्र 'अपात्र' ठरवलेल्या व्यक्तींच्या नसबंदीला त्याच पुस्तकाने दिलेला पाठिंबा आज कोणत्याही निकषावर समर्थनीय ठरत नाही, आणि त्यांच्या कार्याचा गौरव करताना हे झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. बालशिक्षिकांच्या प्रशिक्षणासाठी १९३६ मध्ये त्यांनी स्टॉकहोममध्ये संस्था उभारली, १९४९ मध्ये त्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या समाजकल्याण विभागात आणि त्यानंतर युनेस्कोच्या समाजशास्त्र विभागाच्या प्रमुखपदी गेल्या. १९५५ ते १९६१ या काळात त्यांनी नवी दिल्लीत स्वीडनचे प्रतिनिधित्व केले. ज्या देशाच्या पंतप्रधानांनी, जवाहरलाल नेहरूंनी, १९५४ मध्येच अणुचाचण्या थांबवण्याची हाक दिली होती, त्या देशातील हे वास्तव्य त्यांच्या पुढील कामाच्या दृष्टीने विशेष औचित्याचे ठरले.

त्यांचे खरे जीवनकार्य सुरू झाले ते साठीच्या उंबरठ्यावर. परराष्ट्रमंत्री अस्टेन उंडेन यांनी १९६१ मध्ये त्यांना निःशस्त्रीकरणाच्या, म्हणजे शस्त्रांवर कराराने मर्यादा घालून ती क्रमाने नाहीशी करण्याच्या, प्रश्नावर सल्लागार नेमले; १९६२ मध्ये त्या संसदेवर निवडून आल्या आणि जिनिव्हा येथील अठरा राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण समितीत स्वीडनच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख झाल्या. या समितीत दोन्ही लष्करी गटांबाहेरची आठ राष्ट्रे होती आणि त्यांत भारत व स्वीडन दोन्ही होते. तेथील अणुचाचणीबंदीच्या चर्चेत मुख्य अडचण भूमिगत अणुस्फोटांची होती. असा स्फोट भूकंपमापक यंत्रावर नैसर्गिक भूकंपासारखा दिसू शकतो, म्हणून अमेरिका प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी करण्याचा हक्क मागत होती, तर सोव्हिएत संघाला त्यात हेरगिरीचा धोका दिसत होता. १९६३ च्या सुमारास अमेरिकेची मागणी वर्षाला सात तपासण्यांपर्यंत आणि सोव्हिएत तयारी तीनपर्यंत आली होती, तरीही एवढ्या थोड्या अंतरावर समझोता अडला. आठ राष्ट्रांनी एप्रिल १९६२ मध्येच सुचवले होते की तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने निरनिराळ्या देशांतील नोंदी एकत्र तपासाव्यात. मिर्दाल यांनी ही बाजू केवळ वक्तृत्वावर लढवली नाही. स्वीडिश शास्त्रज्ञांकडून भूकंपशास्त्र समजून घेऊन, दुरूनही स्फोट ओळखण्याची क्षमता किती वाढली आहे हे त्या वर्षानुवर्षे आधारासह मांडत राहिल्या, आणि त्यामुळे तपासणीच्या अशक्यतेची सबब पुढे करणे महासत्तांना उत्तरोत्तर कठीण झाले. तरीही १९६३ च्या मॉस्को करारात वातावरण, अंतराळ आणि पाण्याखालील चाचण्यांवरच बंदी आली. भूमिगत चाचण्या मोकळ्या राहिल्या.

स्टॉकहोमची आंतरराष्ट्रीय शांतता संशोधन संस्था १९६६ मध्ये सुरू झाली, ती त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून. १९६७ मध्ये त्या निःशस्त्रीकरणाची जबाबदारी असलेल्या मंत्री झाल्या आणि १९७३ पर्यंत त्या पदावर राहिल्या. अण्वस्त्र प्रसारबंदी करार, ज्याने अण्वस्त्रे नसलेल्या राष्ट्रांना ती न मिळवण्याचे बंधन घातले, १९६८ मध्ये स्वाक्षरीसाठी खुला झाला. बॉम्ब बनवण्याचे तांत्रिक सामर्थ्य असलेल्या स्वीडनने त्यावर त्याच वर्षी सही केली. भारताने तो विषम मानून नाकारला. मिर्दाल यांनाही ती विषमता मान्य नव्हती, आणि १९७६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी निःशस्त्रीकरणाच्या चर्चेआड शस्त्रस्पर्धा चालू ठेवल्याचा ठपका दोन्ही महासत्तांवर ठेवला. १९८२ चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना मेक्सिकोचे मुत्सद्दी अल्फोन्सो गार्सिया रोब्लेस यांच्यासह मिळाले.

सर्व अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार १९९६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, संयुक्त राष्ट्रसंघाने स्वीकारला, पण आवश्यक राष्ट्रांची संमती पूर्ण न झाल्याने तो अद्याप अमलात आलेला नाही. विज्ञान, विधी, अर्थशास्त्र किंवा इतिहास यांपैकी कोणत्याही विद्याशाखेची पदवी आज हाती घेणाऱ्या स्नातकांनी या कराराचा मसुदा एकदा मुळातून वाचावा आणि आपल्या देशाच्या भूमिकेवर अभ्यासपूर्ण मत बनवावे, ही त्यांना आग्रहाची विनंती आहे.