कानातलं गाणं, चौकातलं गाणं

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



'आजचा तरुण आणि संगीत' असा विषय मला दिलाय. मी मॅट्रिक झालेला माणूस. गोदीत कंत्राटावर माल चढवतो-उतरवतो आणि जमेल तशा कविता लिहितो. रागदारीतलं मला ओ की ठो कळत नाही. सौंदर्यशास्त्र वगैरे प्राध्यापक मंडळींनी सांभाळावं. कोण कुठं बसून काय ऐकतो आणि ऐकून त्याचं काय होतं, एवढंच मी बोलणार.

आमच्या टोळीत बारा जण. जेवणाच्या सुट्टीत डबा सुटतो आणि बारा मोबाईल बाहेर येतात. एकाच्या कानात भोजपुरी, एकाच्या कानात पंजाबी, एक पोरगा इंग्रजी रॅप ऐकतो. शब्द कळत नाही, पण मान हलते. खांद्याला खांदा लावून बसलेल्या माणसाला शेजाऱ्याचं गाणं ऐकू येत नाही. जुने गोदी कामगार सांगतात, पाठीवर पोती होती तेव्हा एक जण ओरडायचा आणि बाकीचे त्याला उचलून धरायचे. ते मनोरंजन नव्हतं. सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागावा म्हणून होतं. मग पोती कंटेनरमध्ये गेली. १९८९ साली न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं, मुंबईच्या गोदीतलं काम पाण्यासारखं आटत गेलं. क्रेनला दम लागत नाही, म्हणून तिला गाणं लागत नाही. त्या पोत्यांसाठी मी रडणार नाही. त्यांनी माणसांच्या पाठी मोडल्या. पण बारा माणसांनी एका वेळी एकच शब्द ऐकायचा, ही गोष्टही त्या पोत्यांबरोबर गेली, हे ध्यानात ठेवा.

इअरफोनला मी शिव्या घालायला आलो नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, वर पोटमाळा, बाहेर नळाचं भांडण. अशा घरात पोरानं, त्याहून जास्त पोरीनं, दार लावून बसायची एकच जागा असते, ती कानात. ती जागा कुणी हिसकावू नये. प्रश्न एवढाच, की आपलं सगळं गाणं तिथंच कोंडून राहायचं का?

कुणी म्हणेल, फिल्मी गाण्यानं आपली पोरं बिघडली. साफ खोटं. वामनदादा कर्डकांनी १९४३ साली पहिलं गाणं लिहिलं, ते एका हिंदी गाण्याचं विडंबन होतं. अक्षरं सुद्धा त्यांनी मोठेपणी गिरवली, आणि पुढं हजारो गाणी लिहिली. आपल्या लोकांनी चाल कुणाची हे कधी विचारलं नाही. तमाशातला गण-गौळणीचा साचा सत्यशोधकांनी घेतला आणि त्यात शेटजी-भटजींचा हिशेब मांडला. तोच साचा आंबेडकरी जलशांनी घेतला, आणि गावकुसाबाहेर रात्री कंदिलाच्या उजेडात बाबासाहेबांचा विचार पोचला. सिनेमाची चाल पोराच्या तोंडात आधीच बसलेली असते. शब्द बदलला की अर्ध्या तासात अख्खी वस्ती गाते. चाल उसनी, शब्द आपला. हा आपला जुना धंदा आहे.

आता प्रल्हाद शिंदेंचा आवाज घ्या. आषाढी-कार्तिकीला महाराष्ट्रातलं कुठलं देऊळ त्या आवाजावाचून जागं होतं? हा माणूस १९३३ साली मंगळवेढ्याकडं जन्मला, म्हणजे चोखोबाच्याच मुलखात. पंढरपूरच्या देवळाचं दार आपल्या लोकांना उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. म्हणजे चौदा वर्षांचा होईपर्यंत या गायकाच्या पायाला तिथं जागा नव्हती. पुढं त्याच गळ्यातून विठ्ठल निघाला आणि सगळ्यांना गोड लागला. याच गळ्यानं भीमगीतं गायली. ती देवळाच्या भोंग्यावर कधी ऐकलीत? आवाज तोच, श्वास तोच. एका गाण्याला भोंगा मिळतो, दुसऱ्याला फक्त आपली वस्ती. मराठी संस्कृती समजायला एवढा एक दाखला पुरे.

ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि बड्या रेकॉर्ड कंपन्यांची मक्तेदारी ढिली झाली. आनंद शिंदेंचं पोपटाचं गाणं घरोघर गेलं. चैत्यभूमीबाहेर फूटपाथवर भीमगीतांच्या कॅसेटींचे ढीग लागले. मग सीडी आली, मग मेमरी कार्ड, आता यूट्यूब. मराठवाड्यातल्या कडुबाई खरात एकतारी घेऊन गायल्या आणि मोबाईलनं त्यांना राज्यभर नेलं. कुठल्या रेडिओ केंद्रानं नाही, कुठल्या सभागृहानं नाही. तेव्हा यंत्र आपलं दुश्मन नाही, हेही लिहून ठेवा.

आणि रॅप? तो परका म्हणून नाक मुरडू नका. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून घेतलेलं. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, पडक्या इमारतींच्या वस्तीत, काळ्या पोरांच्या पार्टीत हिपहॉप जन्मलं. पुढं तिथली पोरं रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून वीज ओढून मैदानात गाणी वाजवायची. खांबातून वीज ओढणं आपल्या मंडपांना कुणी शिकवायची गरज आहे का? नात्यात फार अंतर नाही. पण २०१९ साली 'गली बॉय' आला. त्यात धारावी दिसली, पत्रे दिसले, गरिबी दिसली. जात मला शोधूनही सापडली नाही. त्याच्या वर्षभर आधी, २०१८ साली चेन्नईत पा. रंजितच्या पुढाकारानं 'कास्टलेस कलेक्टिव्ह' स्टेजवर उभं राहिलं. गाना, रॅप, रॉक सगळं एकत्र, आणि मधोमध जातीचा प्रश्न. तो सूट घालून उभा होता. लपून बसला नव्हता.

आता मूळ मुद्द्यावर येतो. २०१५ साली शिर्डीत नर्सिंग शिकणारा आपला एक पोरगा लग्नाला आला होता. दारूच्या दुकानात बसला असताना त्याचा फोन वाजला. रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची. बंद कर म्हणाले. त्याला उचलून नेलं आणि जिवे मारलं.

मोबाईलचा स्पीकर केवढा असतो? चिंचोक्याएवढा. त्यातून आलेला तेवढा आवाजही ज्यांना सहन झाला नाही, त्यांना आपल्या कानातल्या इअरफोनची काहीच अडचण नाही. तुम्ही रात्रभर कानात भीमगीतं ऐका, कुणी दार ठोठावणार नाही. तेच गाणं हवेत आलं की मात्र जात जागी होते. म्हणजे बाजाराला आपण एकेकटे हवे असतो, कारण एकेकटा माणूस जास्त गिऱ्हाईक होतो. जातीलाही आपण एकेकटेच हवे असतो. दोघांची सोय एकाच वायरीनं होते.

मग मोठ्यानं वाजवायचं? वाजवतोच की. जयंतीला डीजेची भिंत उभी राहते, छाती धडधडते, खिडक्यांच्या काचा हलतात, म्हातारी माणसं कान धरून आत बसतात. त्या गदारोळात शब्द ऐकू येतो का? बेसखाली वामनदादा चिरडला जातो. नुसता आवाज मोठा केला म्हणजे म्हणणं पोचत नाही. ज्या गाण्यानं माणूस विचारात पडायचा, त्यावर आपण नुसते उड्या मारतोय. हे बाहेरच्यांनी नाही, मी सांगतोय. राग आला तर येऊ द्या.

भाषण ठोकून घरी जायची मला सवय नाही, म्हणून दोन कामं सांगतो. पहिलं, ज्याच्या त्याच्या चाळीत, झोपडपट्टीत एक तरी म्हातारा किंवा म्हातारी असेल, जिला जलशातली, मेळ्यातली गाणी पाठ आहेत. तिच्यासमोर मोबाईल धरा, रेकॉर्ड करा, वहीत उतरवा आणि गाणं कुणी लिहिलं ते विचारून वर नाव टाका. आपल्या माणसांची गाणी 'पारंपरिक' म्हणून खपवली जातात. लिहिणारा माणूस होता, त्याला नाव होतं, तो उपाशी झोपला होता. दुसरं, महिन्यातून एक रविवार चौकात एकच छोटा स्पीकर लावा, शब्द ऐकू येईल एवढाच. ढोलकी, डफ, रॅप, जे येतं ते. पोरींना पुढं बसवायचं नाही, पुढं उभं करायचं. तुमचं गाणं तिथं पडलं तरी चालेल. चार माणसं उठून गेली तर का गेली ते विचारा, आणि पुढच्या रविवारी दुसरं लिहून आणा.

वह्या कोण आणणार, त्यांनी आत्ताच नावं द्या.

जयभीम.