समजीविता : मिळकतीत बसणारा संसार

(विहाराच्या वर्धापन दिनी आम्ही उभयतांनी केलेले भाषण)



समितीने आम्हा दोघांना सम्यक आजीविकेवर बोलायला सांगितले. आम्ही काही विद्वान नाही. घरात जे घडले, तेवढे सांगतो.

आमच्यापैकी एकजण एका फायनान्स कंपनीत वसुलीच्या कामावर होता. पगार महिना ३८ हजार. थकलेल्या हप्त्यांसाठी फोन करायचे, लोकांच्या दारात जाऊन उभे राहायचे. समोरचा माणूस आपल्यासारखाच हातावर पोट असलेला. त्याला आठवडाभर चढ्या आवाजात बोलायचे आणि रविवारी इथे बसून सम्यक वाचेवर प्रवचन ऐकायचे, हे काही जुळेना. तीन वर्षांपूर्वी ते काम सोडले. आता एका शाळेच्या ग्रंथालयात नोकरी आहे. पगार २२ हजार. दुसरीचे शिवणकाम चालूच आहे.

नातेवाईक म्हणाले, "अरे, आपली माणसं वर यायला धडपडतात, तुम्ही खाली कशाला उतरता?" प्रश्न खरा आहे. आपल्या बापजाद्यांना 'आहे त्यात समाधान माना' असे सांगून पिढ्यान् पिढ्या गप्प बसवले. ते समाधान लादलेले होते. परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला त्यातून बाहेर काढले. आणि तथागतांनीही गृहस्थाला दरिद्री राहा असे सांगितलेले नाही.

अनाथपिंडिकाला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. धम्माने, कष्टाने मिळवलेले धन जवळ असणे. ते उपभोगणे व त्यातून दान करणे. कोणाचे ऋण नसणे. आणि काया-वाचा-मनाने निर्दोष असणे. या चौथ्या सुखापुढे बाकीची तीन फार लहान, असे तथागत म्हणतात. आम्ही १६ हजार रुपये सोडले ते या चौथ्या सुखासाठी.

पण नुसत्या भावनेवर संसार चालत नाही. कोलियांच्या दीघजाणूला भगवंतांनी चार गोष्टी सांगितल्या : उद्योग, मिळवलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि समजीविता. समजीविता म्हणजे तराजू धरणाऱ्यासारखे आय आणि व्यय दोन्ही पारड्यांकडे पाहून जगणे. मिळकत थोडी आणि थाट मोठा, तो माणूस उंबर खाणाऱ्यासारखा. चार फळांसाठी सगळे झाड हलवतो, बाकीची मातीत जातात. उलट भरपूर मिळवून उपाशी राहणाऱ्यालाही भगवंतांनी चांगले म्हटलेले नाही.

म्हणून आम्ही आधी वर्षभर तयारी केली. गाडीचे कर्ज फेडले, सोसायटीचे फेडले, सहा महिन्यांचा खर्च बँकेत ठेवला. मग राजीनामा. हॉटेल, वाढदिवसाचा थाट, लग्नसराईतले नवे कपडे, हे बंद झाले. मुलांची फी, पुस्तके आणि आईची औषधे यांना मात्र हात लावला नाही. लावणारही नाही.

काटकसर कशासाठी, हे बाबासाहेबांच्या घरात दिसते. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. चांगला पगार असूनही बिऱ्हाड परळच्या चाळीतच राहिले. माता रमाईंनी जपून संसार केला. त्या बचतीवर आणि काही मदतीवर १९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला शिकायला गेले. ती काटकसर पुढे जाण्यासाठी होती.

आमच्या घरी वाचलेला आहे तो वेळ. संध्याकाळी सहाला माणूस घरी असतो, मुलांचा अभ्यास होतो, विहारातल्या अभ्यासवर्गालाही हजर राहता येते. फोन वाजला की छातीत धडधडत नाही, हे काय कमी आहे?

मात्र ज्यांच्या घरी कर्ज आहे, आजारपण आहे, त्यांनी आमचे ऐकून उद्याच नोकरी सोडू नये. त्यांनी एवढेच करावे. दर महिन्याच्या पगाराला नवरा-बायकोने, मोठ्या मुलांना घेऊन, वही पुढे ठेवून आय-व्यय मांडावा. लग्नासाठी, थाटासाठी कर्ज काढण्याआधी ती वही एकदा उघडावी. बाकी ज्याने त्याने आपल्या बुद्धीने ठरवावे, तथागतांचीही शिकवण तीच आहे.



नमो बुद्धाय! जयभीम!