काठीची होळी हा आपला पुरावा आहे

(होळीच्या आधी झालेल्या गावांच्या मेळाव्यातलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. पाड्यावर सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवावं.)

बाया-भावांनो, डाह्या माणसांनो,

होळी आठ दिवसांवर आली. भोंगऱ्या बाजार सुरू झाले, ढोल खाली उतरले. अशा वेळी लांब भाषण कुणाला नको असतं, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून एकच गोष्ट बोलतो. ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. काठीची होळी.

काठी हे अक्कलकुवा तालुक्यातलं, सातपुड्याच्या डोंगरातलं जुनं गाव. इथं मेहवासी संस्थान होतं. ही होळी 1246 सालापासून पेटते असं लोक सांगतात. तिला राजवाडी होळी म्हणतात. संस्थान गेलं, राज्य गेलं, होळी मात्र राहिली. का राहिली? कारण ती उभी करणारे हात लोकांचे होते.

होळीचा दांडा म्हणजे 70 फुटांच्या आसपासचा उंच बांबू. तो गुजरातच्या जंगलातून माणसं खांद्यावर आणतात. त्याच्यासाठी खड्डा हातानं उकरतात. कुदळ नाही, पावडी नाही. दांडाही हातांनीच उभा करतात. रात्रभर ढोल वाजतो, गावोगावची माणसं नाचतात, आणि पहाटे होळी पेटते. बावा, बुध्या होणारे आधीपासून पालनी पाळतात. खाटेवर बसायचं नाही, जमिनीवर झोपायचं, अंघोळ करायची नाही, बाईपासून लांब राहायचं. डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगावर राखेची नक्षी, कमरेला सुकलेले भोपळे आणि घुंगरं.

आता यातल्या एकेका वस्तूला विचारा, तू कुठून आलीस? बांबू जंगलातला. मोरपीस जंगलात गळालेलं. ढोलाचं लाकूड जंगलातलं. भोपळा आपल्या शेतातला, आणि ते शेत आपल्या आजा-पणजानं नेवाड काढून केलेलं. होळीत नाचणारा माणूस म्हणजे अख्खं जंगल अंगावर घेऊन नाचणारा माणूस. जंगलाशी नातं नसतं तर ही होळी एक वर्षसुद्धा झाली नसती.

देवमोगऱ्याचंही तसंच. याहामोगीच्या जत्रेला आपण बांबूच्या टोपलीत नवं धान्य घेऊन डोंगर उतरतो. देवमोगरा सागबारा तालुक्यात, म्हणजे गुजरातमध्ये. महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले 1960 साली. आपली देवी, आपला दांडा, आपले सोयरे त्याच्या आधीपासून दोन्हीकडे आहेत. रेघ नंतर आली, वाट आधीची आहे.

हे सगळं आज का सांगतो? कारण आमच्यातल्या एका गावाचा सामूहिक दावा वरून परत आला. शेरा एकच: पुरावा जोडलेला नाही. कागद घेऊन आलेला माणूस मान खाली घालून बसला. म्हणाला, आपल्याकडे कुठं काय लिहिलेलं आहे? आम्हीही थोडा वेळ गप्प बसलो. मग एक म्हातारी बोलली, "गावदेव कुठं बसलाय ते तर सगळ्यांना माहीत आहे. तो काय काल आला?"

म्हातारीनं कायदाच सांगितला. 2006 च्या वनहक्क कायद्याचे नियम आहेत. त्यात नियम 13 पुराव्याचा आहे. जुन्या विहिरी, मसणवट, देवाच्या जागा पुरावा म्हणून चालतात. घराण्याची वंशावळ चालते. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब चालतो. सामूहिक जंगलासाठी गुरं चारायच्या जागा, कंदमुळं आणि रानभाज्या आणायच्या जागा, मासे धरायचे डोह, औषधी पाल्याच्या जागा, देवाची झाडं, देवराया हे सगळं चालतं. एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे, एवढंच. आणि ज्या बांबूला जुन्या जंगल कायद्यानं झाड धरलं होतं, त्याला या कायद्यानं गौण वनउपज म्हटलं. गावाचा त्याच्यावर हक्क सांगितला.

म्हणजे आपण ज्याला रीत म्हणतो, त्याला कायदा पुरावा म्हणतो. पण ती रीत आपल्या तोंडात आहे, कागदावर नाही. आणि दरवर्षी एक-दोन म्हातारी माणसं जातात. त्यांच्याबरोबर आपले पुरावे जातात. सरकारनं नेलेली जमीन लढून परत मागता येते. मातीत गेलेली आठवण कुणाकडे मागायची?

आता होळीला फोटो काढणारे पाहुणे येतात. येऊ द्या, पाणी द्या, भाकर द्या. पण आपल्या पोरांना हा नुसता नाच वाटायला लागला, तर नाच राहील आणि जंगल जाईल. मग दांडा कुठून आणणार?

म्हणून या होळीला तीन कामं करू.

पहिलं. लाह करून आपण घर बांधतो, निंदणी करतो. तशीच एक लाह जबाब लिहायची करू. शाळेत शिकलेल्या पोरा-पोरींनी म्हाताऱ्यांजवळ बसावं. वाघदेव कुठं, गावदेव कुठं, बांबू कुठून तोडत होतो, मोहाची झाडं कुणाकुणाची, गावाची शीव कुठून कुठं, हे लिहावं. सांगणाऱ्याचा अंगठा घ्यावा.

दुसरं. बायांना वेगळं विचारा. कंद, भाजी, पाणी, मोह हे त्यांच्या पायाखालचं आहे. पुरुषांनी काढलेल्या नकाशात निम्मं जंगल सुटतं, हे आम्ही आमच्याच गावात पाहिलं.

तिसरं. लिहिलेलं सगळं ग्रामसभेत वाचा, ठराव करा, एक प्रत गावात ठेवा. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा. ग्रामसभेच्या ठरावावर अपील करायला 60 दिवस असतात. उपविभागाच्या समितीनं फेटाळलं तरी जिल्ह्याच्या समितीकडे जायला 60 दिवस असतात. ते दिवस नाचण्यात घालवू नका.

परत आलेल्या त्या दाव्याला आता अकरा जबाब जोडलेत. पहिला जबाब त्या म्हातारीचा आहे.

दांडा एकट्याच्यानं उभा राहत नाही. खड्डा उकरणारे, दोर ओढणारे, टेकू देणारे सगळे लागतात. दाव्याचंही तसंच आहे. होळीला या, रात्रभर नाचा. आणि सकाळी घरी जाताना आपल्या आजीला एक प्रश्न विचारत जा.

जिंदाबाद!